दुखणं कोणाच्या नावावर?



आयोजकांनी मला विषय दिला आहे तो बदलत्या कामाचा आणि कामगाराच्या आरोग्याचा. विषय मोठा आहे आणि वेळ तासाभराचा. म्हणून मी एकच प्रश्न हातात धरून बोलणार आहे. माणूस कामापायी आजारी पडतो, जखमी होतो, कधी जिवानिशी जातो. ते दुखणं कोणाच्या नावावर लिहायचं?

मी डॉक्टर आहे. शरीर बिघडतं कसं, हे मला शिकवलं गेलं. धूळ फुप्फुसात काय करते, रात्रपाळी रक्तदाबाचं काय करते, ओझं मणक्याचं काय करते, हे सगळं पुस्तकात सापडतं. पण आयुष्यभराच्या दवाखान्यात मला जे कळलं ते पुस्तकात नव्हतं. कामगाराचं आरोग्य औषधानं फार थोडं राखलं जातं. ते राखलं जातं तेव्हा, जेव्हा कोणीतरी एक ठरलेला माणूस, ठरलेली संस्था त्याबद्दल उत्तर द्यायला बांधलेली असते. गेल्या तीस वर्षांत काम बदललं ते असं, की हा उत्तर देणारा हळूहळू दिसेनासा झाला. धूळ तीच, ऊन तेच, ओझंही पुष्कळ ठिकाणी तेच. नाहीसा झाला तो मालक. मालक म्हणजे मालकी गाजवणारा असं मी म्हणत नाही. ज्याच्या दारात जाऊन 'हे तुमच्यामुळे झालं' असं म्हणता येतं, तो.

सुरुवात आपल्या हैदराबाद शहरापासून करतो. इथं बसलेल्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जणांची घरं ऑल्विन, प्रागा टूल्स, बीएचईएल, रेल्वे यांच्या पगारावर उभी राहिली. त्याही आधी टँकबंडच्या अलीकडची डीबीआर मिल होती, वरंगळला आझमजाही होती, नांदेडला उस्मानशाही होती. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. या गिरण्यांत कापसाचा धुरळा श्वासातून आत जायचा, भट्टीच्या कामात हात भाजायचे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. देशभर घरांवर, गोठ्यांवर जो 'चारमिनार' पत्रा चढला, तो सनतनगरला बनायचा आणि तो ॲस्बेस्टॉसचा होता. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात शिरला की वीस-तीस वर्षं गप्प बसतो आणि मग त्रास द्यायला लागतो. तेव्हा हे किती जणांना माहीत होतं?

पण त्या काळाची एक गोष्ट होती. कामगाराला आपला मालक माहीत होता. फाटक माहीत होतं, हजेरीचं पुस्तक माहीत होतं. म्हणून त्या फाटकावर उभं राहून भांडता येत होतं. १९४०च्या दशकात हैदराबादेत कामगार संघटना बांधणाऱ्यांमध्ये कवी मखदूम मोहिउद्दीन होते आणि त्यांच्याबरोबर डॉ. राज बहादूर गौड होते. गौड उस्मानियात वैद्यक शिकलेले. डॉक्टर झालेला माणूस संघटनेकडे का वळतो, याचं मला तरुणपणी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

पुढं बाळानगरला आयडीपीएलचा औषध कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. कॉलनी, कँटीन, दवाखाना असं सगळं बरोबर घेऊन उभा राहिला. या शहराच्या औषधधंद्याचं मूळ तिथं आहे, डॉ. रेड्डीज काढणारे के. अंजी रेड्डी तिथूनच पुढं आले. तिथली विद्या घेऊन पाटणचेरू, बोल्लारम, पाशमैलारम इथं शेकडो कारखाने झाले. विद्या गेली. पण दवाखाना, कँटीन, हजेरीपुस्तक बरोबर गेलं का?

पाशमैलारम म्हटलं की ३० जून २०२५ आठवतो. त्या सकाळी सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बनत असे. आपण रोज ज्या गोळ्या गिळतो, त्या गोळ्यांना आकार देणारी ही पांढरी, बारीक पूड. झाडाच्या लगद्यापासून केलेली. ती विषारी नाही, खाल्ली तरी अपाय नाही. मग स्फोट कशाचा? जळण्याजोगा कुठलाही पदार्थ, मग ते पीठ असो, साखर असो की लाकडाचा भुसा, अगदी बारीक होऊन हवेत ठरावीक प्रमाणात पसरला आणि त्याला ठिणगी किंवा पुरेशी उष्णता मिळाली, की तो एका क्षणात पेटतो. पहिला धमाका लहान असू शकतो. पण त्यानं तुळयांवर, पाइपांवर, खोल्यांच्या कोपऱ्यांत साठलेली धूळ हवेत उसळते आणि दुसरा धमाका इमारत पाडतो. सिगाचीतही प्राथमिक अंदाज धुळीच्या स्फोटाचाच निघाला. औद्योगिक सुरक्षेचं शिक्षण घेणाऱ्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात. उपायही शिकवतात: धूळ साठू द्यायची नाही, तापमानावर नजर ठेवायची, दाब सोडायला वाट ठेवायची, आणि एका खोलीत गरजेपेक्षा जास्त माणसं ठेवायची नाहीत.

सेहेचाळीस मृत्यू नोंदले गेले. आठ जणांचा मागमूसही लागला नाही. डीएनएच्या चाचण्या करून अवशेष घरच्यांच्या हवाली करावे लागले. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश इथून आलेले लोक फोटो घेऊन फाटकाबाहेर उभे होते. आत किती माणसं होती, याचा मेळ बसायला वेळ लागला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. आग लागणं समजू शकतो, निदान त्याचं शास्त्र समजू शकतो. पण आपल्या छपराखाली आज कोण काम करतंय, हे पटकन सांगता येऊ नये? माणूस कंत्राटदारामार्फत आलेला असतो, कंत्राटदाराचा पोटकंत्राटदार असतो, नाव एका कागदावर, राहणं दुसऱ्याच्या खोलीत, पगार तिसऱ्याच्या हातून. तो जिवंत असताना कोणाचा नसतो. मेल्यावर मात्र सगळे भरपाईचा आकडा सांगतात.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात एक चांगली दुरुस्ती झाली होती. धोक्याच्या कारखान्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळालीच पाहिजे, कामावर घेण्याआधी आणि दर बारा महिन्यांनी त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या ध्यानात आणून द्यायचा हक्क त्याला मिळाला. वाचायला फार चांगलं आहे. पण तीन महिन्यांच्या कंत्राटावरच्या माणसानं हा हक्क बजावायचा कसा? चौथ्या महिन्यात त्याला बोलावणारच नाहीत. हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावल्यावर काम टिकलं पाहिजे.

आता मी तुम्हाला एकशे चाळीस वर्षं मागं नेतो, कारण आपण मराठी माणसं या बाबतीत कफल्लक नाही. आपल्याकडे मोठा वारसा आहे आणि तो आपण विसरलो आहोत.

१८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी तयार केला. त्यातल्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी हवी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सूर्यास्ताला थांबावं. आणि पाचवी मागणी? कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. १८८४! भरपाईचा कायदा या देशात १९२३ साली आला. चाळीस वर्षं आधी परळच्या मैदानावर सही किंवा अंगठा करणाऱ्या माणसांना नेमकं कळलं होतं की दुखणं कोणाच्या नावावर लिहायचं.

रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. पुढं सहा वर्षांनी मुंबईत प्लेग आला. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि त्याच प्लेगनं १८९७ साली गेले. कामगाराचं आरोग्य हा विषय ज्यानं मराठीत मांडला, त्याचा शेवट असा झाला.

कामाच्या तासांचंही तसंच. १९३४च्या कायद्यात आठवड्याला ५४ तास होते. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना हे तास कमी करायचं विधेयक आलं आणि १९४६ मध्ये ते ४८ झाले. सहा तास. आठवड्याला सहा तास मिळवायला एवढी वर्षं लागली.

आणि आज? जुलै २०२५ मध्ये तेलंगणात व्यापारी आस्थापनांना दिवसाला दहा तासांची मुभा मिळाली. सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांसाठी नऊचे बारा तास करायला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८च ठेवली आहे, असं सांगितलं जातं, आणि कागदावर ते खरं आहे. पण बारा तास उभं राहून घरी जायला दीड तास लागणाऱ्या बाईच्या शरीराला आठवड्याची सरासरी कळत नाही. कंबर दिवसाचा हिशेब ठेवते. उद्योगपती व्यासपीठावरून सत्तर तास, नव्वद तास म्हणतात आणि टाळ्या पडतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. हृदयरोगानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. एकट्या २०१६ या वर्षात जगभरात अशा लांब तासांपायी गेलेले जीव: ७ लाख ४५ हजार. टाळ्या वाजवण्याआधी हा आकडा ऐकावा.

हायटेक सिटीतल्या मुलामुलींबद्दल इथंच दोन शब्द सांगतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांची मुलं तिथंच आहेत. १९९८ साली सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं तेव्हा वाटलं होतं की आता धूळ नाही, धूर नाही, हे निरोगी काम आलं. हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांची तपासणी केली. २०२५ साली ती छापून आली. शंभरात चौऱ्याऐंशी जणांच्या यकृतात चरबी साठलेली. तरुण माणसं ही. बसून काम, अपुरी झोप, रात्रीचं जेवण, सततचा ताण. यावर कंपनी काय करते? योगाचा वर्ग ठेवते, पावलं मोजायचं घड्याळ देते. म्हणजे दुखणं पुन्हा त्या मुलाच्याच नावावर: तूच चालत नाहीस, तूच नीट खात नाहीस. रात्री अकराची बैठक कोणी लावली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. २०२४ मध्ये पुण्यात एक तरुण लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईनं कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशानं वाचलं. चौकशीत पुढं काय आलं? ते कार्यालय कित्येक वर्षं दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेलंच नव्हतं. बघा, काचेच्या इमारतीतसुद्धा नावच नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

आज सगळे म्हणतात की डिलिव्हरीचा मुलगा ही नवी गोष्ट आहे. ॲप नवं, फोन नवा, म्हणून कायद्याला काही सुचत नाही. मी म्हणतो, हे खरं नाही. हा मुलगा कोणाचा नातू आहे? तो बिडी वळणाऱ्या बाईचा नातू आहे.

निजामाबाद, कामारेड्डी, निर्मल या भागात फिरा. सोलापुरात फिरा, जिथं तेलंगणातून गेलेल्या पद्मशाली घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. घर तिचं, दिवा तिचा, पाठ तिची. पैसे हजारी बिड्यांमागे. माल नेऊन दिला की तपासणारा काही बिड्या नापास करणार, त्याचे पैसे नाहीत. कामाची वेळ ठरलेली नाही, म्हणून ती 'स्वतंत्र'. हे सगळं ओळखीचं वाटतं का? गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा. पैसे ऑर्डरमागे. तारे कमी पडले की खातं बंद. आणि तो 'भागीदार'. कारखानदार पूर्वी म्हणायचा, ही माझी कामगार नाही, मी तिच्याकडून बिड्या विकत घेतो. आज कंपनी म्हणते, आम्ही फक्त गिऱ्हाईक आणि मुलगा यांची गाठ घालून देतो.

या बायकांच्या दुखण्याबद्दल एक सांगतो. तंबाखू ओढावी लागत नाही, हातांतूनही ती शरीरात जाते. बारीक भुकटी श्वासात जाते. वाकून वाकून मान आणि कंबर जाते. बाई दवाखान्यात येते, आणि केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं जातं? गृहिणी. दहाव्या वर्षापासून बिड्या वळणारी बाई, आणि कागदावर गृहिणी! मग तिचा खोकला हा घराचा खोकला होतो, चुलीच्या धुराचा होतो, नशिबाचा होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांबद्दल अनिल अवचटांनी लिहिलं, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा कामगार म्हणून पाहिलं. अवचटही शिकलेले डॉक्टरच.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. या देशानं त्या बाईचा प्रश्न सोडवला होता. पूर्ण नाही, पण मार्ग काढला होता. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच धरली. कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. १९७६ साली बिड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी काढला, त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पन्नास वर्षांपूर्वी, फोनसुद्धा घरोघरी नसताना, हे जमलं. पुढं २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला. अर्थसंकल्पाच्या भाषेत ती एक सुटसुटीत दुरुस्ती होती. बिडीवालीच्या दृष्टीनं तिच्या दवाखान्याचा स्वतःचा झरा आटला.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राचं, आणि ते मला अधिकच जवळचं. हमाल सकाळी एका पेढीचं पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मणका गेला तर कोणत्या पेढीनं द्यायचे पैसे? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यानं उत्तर दिलं: सगळ्यांनी मिळून. मालकाचीही नोंद, कामगाराचीही नोंद. मजुरी माथाडी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. मालक दहा असोत नाही तर शंभर, हमालाच्या बाजूनं उत्तर देणारं दार एकच. त्याआधीपासूनच पुण्यात डॉ. बाबा आढाव हमाल पंचायत बांधत होते. नाना पेठेत दवाखाना चालवणारा हा डॉक्टर पाठ दाखवायला आलेल्या हमालाला नुसतं तेल लावायला सांगून थांबला नाही, पोत्याच्या वजनाबद्दल आणि हमालीच्या दराबद्दल बोलायला लागला. डिसेंबर २०२५ मध्ये, पंचाण्णव वर्षांचं आयुष्य जगून, बाबा गेले. अशी माणसं गेली की त्यांचे पुतळे होतात. पुतळ्यांआधी त्यांनी काढलेला मार्ग वाचावा, एवढीच माझी विनंती.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी आज जे कायदे होत आहेत, राजस्थानचा २०२३चा, कर्नाटकाचा २०२५चा, आपल्या तेलंगणाचा एप्रिल २०२५ मध्ये आलेला मसुदा, ते सगळे याच वाटेनं चाललेत. नोंदणी, मंडळ, प्रत्येक व्यवहारावर थोडं शुल्क. तेलंगणानं डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांचा अपघात विमाही जाहीर केला. त्याआधीच्या काही महिन्यांत या शहरात ऑर्डर पोचवायला गेलेले मुलगे कुत्र्याच्या भीतीनं इमारतीवरून पडले होते, त्यांतला एक गेला. विमा चांगलाच आहे. पण विमा पडल्यावर मिळतो. तो घाईत का होता, याचा जबाब विमा मागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत या मुलांचा उल्लेख आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असंही आहे. पण कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य यांची जी वेगळी संहिता आहे, तिच्यात त्यांना जागा नाही. जखमी झाल्यावर तो कामगारासारखा, जखमी होण्याआधी मात्र तो कोणीच नाही! दहा मिनिटांत सामान पोचवायचं वचन गिऱ्हाइकाला कोणी दिलं? त्या मुलानं दिलं होतं का? २०२५च्या डिसेंबरअखेरीस या मुलांनी संप केला. जानेवारीत श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि एका मोठ्या कंपनीनं जाहिरातीतून ती दहा मिनिटं काढली. जाहिरातीतून गेली. ॲपच्या हिशेबातून गेली की नाही, हे तपासायला कोणी निरीक्षक आहे का?

आणि आता मराठवाड्यात चला. आपल्या जुन्या संस्थानातला बीड जिल्हा. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघते. जोडीला म्हणतात 'कोयता', कारण मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि तो उचलीतून वळता. उघड्यावर खोपी, संडास नाही, पाण्याची ओढ. अशात पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणं, पोटात दुखणं. बाई गावच्या खाजगी डॉक्टरकडे जाते. डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमध्ये पाहणी झाली. ८२ हजार ३०९ ऊसतोड बायका, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. सहा बायकांमागे एक. त्यांत तिशीच्या, पस्तिशीच्या बायका.

मी डॉक्टर म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मला माझ्या व्यवसायाची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. कारण इथं काम बदलण्याऐवजी बाईचं शरीरच कामाला जुळेल असं कापलं गेलं. साखर कारखान्याला विचारा, तो म्हणेल मुकादमाला विचारा. मुकादम म्हणेल, मी कुठं सांगितलं? डॉक्टर म्हणेल, तिनंच मागितलं. आणि कागदावर सही किंवा अंगठा कोणाचा? तिचा. तेरा हजार आठशे एकसष्ट शस्त्रक्रिया, आणि एकीलाही कामाचं दुखणं म्हणून कुठं नोंद नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टर, हे सगळं ऐकून हातपाय गळतात. काही होतं का चांगलं? होतं. याच शहरात झालं. गटारात उतरून माणसं मरतात; हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारे १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. हे सगळं आवश्यक होतं. पण २०१७ साली हैदराबादच्या जलमंडळानं एक वेगळी गोष्ट केली. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, म्हणून तिथं माणूस उतरवला जायचा. मंडळानं लहान गाड्यांवर बसवलेली सत्तर यंत्रं आणली, आणि ती चालवायला दलित उद्योजकांना दिली, मिलिंद कांबळे यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'डिक्की' या संस्थेच्या साहाय्यानं. पुढं दिल्लीनं हीच रीत उचलली. यानं सगळे मृत्यू थांबले असं मी म्हणणार नाही. पण विचार बघा. माणसाला मुखवटा दिला नाही, इंजेक्शन दिलं नाही, सावध राहा असं भाषण दिलं नाही. माणसाला खाली उतरवायचं कारणच काढून टाकलं. व्यवसाय-आरोग्याच्या शास्त्रात हीच पहिली पायरी सांगितली आहे: धोका उपटा, ते जमेना तर काम बदला, आणि सगळं थकल्यावर शेवटी मुखवटा. आपल्याकडे बहुतेक कारखाने शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात.

डॉक्टर मंडळींना, आणि या सभागृहात ती बरीच दिसत आहेत, माझं एक मागणं आहे. १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की रोग्याला जे प्रश्न विचारता, त्यांत आणखी एक घाला: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. रोज साठ रुग्ण तपासताना आपण किती जणांना हे विचारतो? नुसतं 'मजूर' लिहू नका. कशाचा मजूर, किती वर्षं, धूळ कसली, कोणासाठी. 'गृहिणी' लिहिण्याआधी विचारा, घरात बसून काय करता? आजारांची जी यादी कायद्यानं कळवायला सांगितली आहे, तिच्यातला आजार दिसला तर तो कळवा. आपण नाही लिहिलं तर तो आजार कुठंच झालेला नसतो.

आणि शेवटचं काम निवृत्त मंडळींसाठी. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची आहे. अशा कारखान्यात ज्यांनी स्वतः काम केलं, किंवा ज्यांच्या वडिलांनी केलं, त्यांनी आपली फाइल मागावी आणि छातीचा फोटो काढून घ्यावा. खोकला नसला तरी काढावा. अर्जाचा नमुना मी करून आणला आहे. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवला आहे, मराठीत आहे, तेलुगूत आहे आणि उर्दूतही आहे. शेजाऱ्यासाठी एक जास्त घेऊन जा. भरताना अडलं तर मी प्रश्नोत्तरांनंतर थांबणार आहे.